टोमॅटोचे वाळवण

पिकलेल्या टोमॅटोच्या शंभर ग्रॅम वजनात सुमारे साडेचौऱ्याण्णव ग्रॅम पाणी असते आणि उरलेल्या साडेपाच ग्रॅमांत त्याची साखर, आंबटपणा, तंतू, क्षार, रंग आणि वास असा सगळा ऐवज मावलेला असतो. शेतकरी क्रेट भरून माल बाजारात नेतो तेव्हा तो मुख्यतः पाणीच वाहून नेत असतो, आणि चार दिवसांत माल नासतो तोही या पाण्यामुळेच, कारण बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला लागणारे पाणी इथे साखरेसह आयते मिळते. वाळवणे म्हणजे हे पाणी काढून ऐवज तेवढा मागे ठेवणे. मात्र पाण्याबरोबर आणखी काय जाते, मागे उरलेले किती दिवस टिकते आणि ते स्वयंपाकात कुठे शोभते, हे टोमॅटोच्या बाबतीत मिरची किंवा आमसुलाइतके सरळ नाही.

उदाहरणादाखल कबनूरकडे पाहू. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला इतके लागून आहे की दोन्हींच्या वस्त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे आसपासच्या गावांचे अर्थकारणही मागाभोवती फिरू लागले. तरीही उन्हाळा आला की मागावर राबणाऱ्या घरांच्या गच्च्यांवर शेतकऱ्याच्या अंगणासारखीच पसरण दिसते: शेवया, कुरडया, सांडगे, पापड, दह्यात मुरवलेली सांडगी मिरची, आणि या सगळ्यांत मानाची म्हणजे वर्षाच्या चटणीची लाल मिरची. कोल्हापूर भागात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायची ओली चटणी नव्हे. वाळलेली मिरची, तळलेला कांदा, लसूण, खोबरे, धने, तीळ आणि गरम मसाला डंकावर कुटून जो कांदा-लसूण मसाला होतो त्याला घरोघर ‘चटणी’ म्हणतात. पाणी काढलेले पदार्थ, मीठ आणि तेल यांच्या बळावर ती बरणीत वर्षभर टिकते. अन्न टिकवण्याचे शास्त्र या भागातल्या बायकांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

अशा गच्चीवर टोमॅटो मात्र सहसा दिसत नाही, आणि हे नवल वाटण्यासारखे आहे. मिरची आणि टोमॅटो दोघेही वांगेकुळातले, दोघेही मूळ अमेरिका खंडातले आणि दोघेही पोर्तुगीजांच्या मार्गाने भारतात आलेले. पण मिरचीने मिऱ्याची जागा घेत स्वयंपाकघराचा ताबा मिळवला, तर टोमॅटो पुष्कळ उशिरा, इंग्रजी अमदानीत भाजीबाजारात रुळला. तोवर आंबटपणाचे काम देशावर चिंचेने आणि कोकणात आमसुलाने वाटून घेतले होते आणि ती दोन्ही मुळातच टिकाऊ होती. शिवाय हिशेबही टोमॅटोच्या विरुद्ध जातो. तोडलेल्या लाल मिरचीत ६५ ते ८० टक्के पाणी असते, त्यामुळे किलोभर वाळकी मिरची अडीच ते साडेचार किलो ओल्या मिरचीतून मिळते. टोमॅटोत १५ टक्के ओल ठेवली तरी किलोभर वाळवणाला पंधरा-सोळा किलो ताजे फळ लागते. टोमॅटो पाच रुपये किलो असेल तर नुसत्या फळाचा खर्च ऐंशी रुपयांच्या आसपास येतो, तीस रुपये असेल तर तोच साडेचारशेच्या पुढे जातो. म्हणून टोमॅटो वाळवणे भाव पडलेला असतानाच परवडते, आणि भाव कधी पडतो यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

इथे एक विसंगती नीट पाहायला हवी. टोमॅटोच्या कोसळलेल्या भावाची बातमी आली की ‘वाळवून का ठेवत नाहीत’ असा सल्ला शहरातून लगेच येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक आणि औरंगाबाद भागातल्या शेतकऱ्यांनी दोन-तीन रुपये किलोचा भाव पाहून माल रस्त्यावर ओतला. पण ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले आणि हवा ओलीचिंब असते. उघड्या उन्हात फळ सुकवायला तापमान तीस अंशांच्या वर आणि हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असावी लागते. श्रावणात टोमॅटोची फोड गच्चीवर ठेवली तर ती सुकण्याआधी तिला बुरशी लागते. दोनच वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा तर वाळवण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हाच्या भरवशावर वाळवण करायचे तर ते फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत येणाऱ्या मालाचेच होऊ शकते. कबनूरच्या बाबतीत भूगोल त्याला अनुकूल आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्याकडे पाऊस धो-धो कोसळतो, पण पूर्वेकडे हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांकडे येईतो त्याचा जोर फारच ओसरतो आणि मार्च-एप्रिलमधल्या दुपारी तिथली हवा चांगली कोरडी असते. धोका असतो तो वळवाचा: संध्याकाळी अचानक आलेली एक सर तीन दिवसांचे काम बुडवते. त्यामुळे वाळवण अक्षय्य तृतीयेच्या आत उरकण्याची जुनी घाई टोमॅटोला मिरचीपेक्षाही जास्त लागू पडते.

उन्हाच्या या मर्यादेवर उतारा म्हणून सौर वाळवणी यंत्रे पुढे आली. पारदर्शक झाकणाच्या पेटीत ऊन कोंडले जाते, आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते, हलकी होऊन वरच्या फटीतून निघून जाते आणि खालून कोरडी हवा आत ओढली जाते. माश्या, धूळ आणि थेट पावसापासून माल आपोआप वाचतो. महाराष्ट्रात या कामाचे ठळक नाव म्हणजे एसफोरएस टेक्नॉलॉजीज. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेशिवाय चालणारे सौर वाळवणी यंत्र तयार केले, औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, परिसरातल्या शेतकरी महिलांच्या हाती ते दिले आणि कांदा, आले, टोमॅटो असा माल गावातच वाळवून खाद्यउद्योगांना विकण्याची साखळी उभी केली. २०२३ मध्ये या उपक्रमाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. यंत्राइतकेच महत्त्व इथे साखळीला आहे. वाळवलेला टोमॅटो कोण घेणार हे आधी ठरलेले नसेल तर वाळवण करणाऱ्याच्या माथी नुसता एका नाशवंत मालाऐवजी जरा कमी नाशवंत माल येतो.

घरगुती वाळवणाला मात्र यंत्राची गरज नसते, फळाची निवड आणि पहिले दोन दिवस सांभाळणे एवढेच पुरते. लांबट, जाड गराचा, कमी बियांचा आणि वेलीवरच पूर्ण लाल झालेला टोमॅटो घ्यावा. गोल, पाणीदार, पातळ सालीचा देशी टोमॅटो सारासाठी उत्तम असला तरी सुकल्यावर त्याची साल आणि बिया एवढेच उरतात. अख्खे फळ वाळत नाही, कारण टोमॅटोच्या सालीवर मेणासारखा थर असतो आणि तो पाण्याला बाहेर पडू देत नाही. मिरची पोकळ आणि पातळ असल्याने अख्खी सुकते, टोमॅटो कापावाच लागतो. उभे दोन भाग करून कापलेली बाजू वर ठेवावी आणि तिच्यावर मीठ भुरभुरावे. मीठ दोन कामे करते: एक तर पेशींतले पाणी बाहेर ओढते, ज्याला शास्त्रात परासरण म्हणतात, आणि दुसरे म्हणजे फोडीचा पृष्ठभाग ओला असतो त्या पहिल्या, सर्वांत धोक्याच्या तासांत जिवाणूंना दूर ठेवते. फोडी चांगल्या मोठ्या असतील तर आठवडाभर, अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या असतील तर दोन ते तीन कडक उन्हे लागतात. रात्री माल घरात घ्यावा, कारण पहाटेचा दमटपणा दिवसभराच्या कमाईतला वाटा परत घेतो.

ज्या पत्र्यावर मिरची वाळते त्यावर टोमॅटो ठेवू नये. टोमॅटोत सायट्रिक आणि मॅलिक ही आम्ले असतात आणि ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातले जस्त, तसेच तांबे आणि अॅल्युमिनियम, विरघळवून घेतात. स्टीलची ताटे, बांबूची सुपे किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची जाळी यांपैकी काहीही चालते, आणि जाळी सर्वांत बरी, कारण तिच्यातून खालूनही वारा लागतो. कबनूर-इचलकरंजीत आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे हवेतल्या तुसाची. मागाच्या शेडजवळ कापसाचे बारीक तूस उडत असते आणि सूत कांजीत बुडवणाऱ्या सायझिंगच्या धुराड्यांची काजळी वाऱ्याबरोबर गच्च्यांवर उतरते. मिरची फडक्याने पुसता येते, चिकट टोमॅटोला चिकटलेले तूस निघत नाही. सुदैवाने ज्या गावात तूस आहे तिथे मलमलही आहे, आणि विरळ विणीच्या मलमलीचे एक पदरी आच्छादन फोडींना न टेकेल असे ताणून बांधले तर तूस, माशी आणि काजळी तिघांचाही बंदोबस्त होतो. तीव्र उन्हापासून थोडी सावलीही मिळते, आणि तिचा उपयोग रंगासाठी होतो.

आता पोषणाकडे वळता येईल. वाळवलेल्या टोमॅटोविषयी जाहिरातींत नेहमी एक वाक्य असते की त्यात ताज्यापेक्षा अनेक पट पोषण असते. हे वाक्य खोटे नाही, पण फसवे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार शंभर ग्रॅम ताज्या टोमॅटोत १८ किलोकॅलरी ऊर्जा, ०.९ ग्रॅम प्रथिने आणि २३७ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शंभर ग्रॅम वाळवलेल्यात हेच आकडे २५८ किलोकॅलरी, १४ ग्रॅम प्रथिने आणि ३,४२७ मिलिग्रॅम पोटॅशियम असे होतात, शिवाय १२ ग्रॅम तंतू आणि ३७ ग्रॅमांहून अधिक साखर असते. पण वाळवणाच्या शंभर ग्रॅमांमागे दीड किलोहून अधिक ताजे फळ गेलेले असते. तेव्हा खरी तुलना वजनाशी वजनाची नव्हे, कोरड्या ऐवजाची कोरड्या ऐवजाशी करायला हवी. ताज्या टोमॅटोत ५.५ टक्के कोरडा ऐवज आणि वाळवलेल्यात ८५ टक्के, म्हणजे सगळे काही जसेच्या तसे राहिले असते तर प्रत्येक घटक साडेपंधरा पट व्हायला हवा होता.

हा साडेपंधराचा पाढा लावला की चित्र स्वच्छ होते. २३७ मिलिग्रॅम पोटॅशियमाचे सुमारे ३,७०० व्हायला हवे होते आणि ३,४२७ झाले, म्हणजे ते जवळजवळ सगळे टिकले; प्रथिनेही टिकली. क्षारांचे असेच असते: ऊन त्यांना उडवू शकत नाही आणि जाळूही शकत नाही. जीवनसत्त्व क मात्र ताज्यात १३.७ मिलिग्रॅम असते, त्याचे दोनशेच्या वर व्हायला हवे होते, आणि तक्ता दाखवतो फक्त ३९. म्हणजे पाच हिश्शांतले चार हिस्से वाटेतच गेले. हे जीवनसत्त्व उष्णता, हवेतला प्राणवायू आणि प्रकाश या तिन्हींपुढे हतबल असते, आणि उघड्या उन्हातले वाळवण म्हणजे नेमका या तिन्हींचा मेळ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम जीवनसत्त्व क सुचवले आहे; आमटीत एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दहा ग्रॅम वाळल्या टोमॅटोतून त्यातले जेमतेम चार मिलिग्रॅम मिळतील. पानात लिंबाची फोड असेल तर हा तोटा जाणवतही नाही, पण वाळवलेला टोमॅटो लिंबाची किंवा ताज्या कोशिंबिरीची जागा घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

टोमॅटोला लाल करणाऱ्या लायकोपीन या रंगद्रव्याची गोष्ट उलटी आहे. गाजरातल्या कॅरोटीनचा हा भाऊ. फरक इतकाच की शरीर कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ बनवू शकते, लायकोपीनपासून नाही. ताज्या टोमॅटोत ते शंभर ग्रॅमला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, वाळवलेल्यात ४६ च्या आसपास असते, म्हणजे साडेपंधराच्या हिशेबातही ते कमी भरत नाही. शिवाय ताज्या फळात ते पेशींच्या भिंतींआड अडकलेले असते. उष्णतेने या भिंती सैल होतात, रेणूचा सरळ आकार काही अंशी वाकतो आणि असा वाकलेला रेणू आतड्यातून अधिक सहज शोषला जातो. ते तेलात विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे तेलाच्या फोडणीतला टोमॅटो या बाबतीत कच्च्या टोमॅटोपेक्षा सरस ठरतो. मात्र प्रखर प्रकाश आणि प्राणवायू लायकोपीनलाही हळूहळू खातात, आणि उघड्यावर दिवस-दिवस पडलेल्या फोडी लाल न राहता तपकिरी होतात त्याचे एक कारण हेच. दुसरे कारण साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले यांचा संयोग. मलमलीची सावली रंग राखते ती यामुळे. लायकोपीन कर्करोग रोखते असे छातीठोकपणे सांगणारे लेख पुष्कळ आढळतात, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले तेव्हा त्या दाव्याला भक्कम आधार सापडला नाही. टोमॅटो चांगला आहे, तो औषध आहे असे म्हणण्याची गरज नाही.

जे टिकते त्याचाही काहींना जाच होऊ शकतो. दहा ग्रॅम वाळवलेल्या टोमॅटोत जवळपास ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम केळ्याइतके, आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम मोजून खावे लागते त्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण दहा ग्रॅम म्हणजे डोळ्यांना चिमूटभरच वाटतात. रक्तदाब असणाऱ्यांनी वाळवताना घातलेले मीठ हिशेबात धरावे. बाजारी मालाचा रंग झगझगीत लाल असेल तर त्यावर बहुधा गंधकयुक्त परिरक्षकाची, म्हणजे सल्फाइटची, प्रक्रिया झालेली असते. ती कायद्याने ठरलेल्या मर्यादेत चालते, परंतु दमेकऱ्यांपैकी काहींना तिचा त्रास होतो, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचलेली बरी. घरचे वाळवण काळपट दिसते, आणि तसे ते दिसणेच स्वाभाविक आहे.

साठवणीची गुरुकिल्ली ‘जलसक्रियता’ या कल्पनेत आहे. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा त्यातले मोकळे, सूक्ष्मजीवांच्या हाती लागणारे पाणी किती, याला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची ती एक धरली, तर ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८६ च्या खाली विषबाधा घडवणारा स्टॅफिलोकोकसही थांबतो, आणि ०.६ च्या खाली बुरशीही हार मानते. साखर आणि मीठ पाण्याला बांधून ठेवतात, म्हणूनच लवचीक, किंचित ओलसर वाळवणही टिकू शकते, तर तितकीच ओल असलेले पीठ बुरसते. घरात जलसक्रियता मोजण्याचे यंत्र नसते, पण हात असतो: फोड चिमटीत दाबली तर ओल जाणवू नये, ती मनुक्यासारखी वाकावी पण चिकटू नये, भुकटी करायची असेल तर ती पापडासारखी कडकन मोडायला हवी. फार कडक उन्हात किंवा तापलेल्या भट्टीत घाईने सुकवलेली फोड वरून टणक आणि आतून ओली राहते, आणि असा माल बरणीत गेल्यावर आठ दिवसांनी सगळ्या बरणीचा घात करतो.

यावर उपाय सोपा आहे. वाळलेल्या फोडी गार झाल्यावर काचेची बरणी दोन तृतीयांश भरून झाकण लावावे आणि आठ-दहा दिवस रोज एकदा हलवावी. काही फोडी जास्त वाळलेल्या, काही कमी, अशा असतात त्यांच्यातली ओल या काळात सारखी वाटली जाते. काचेवर आतून बाष्प दिसले तर माल पुन्हा उन्हात घालावा. माश्या-पतंगांनी उन्हात घातलेली अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे डीप फ्रीझर आहे त्यांनी माल दोन दिवस उणे अठरा अंशांत ठेवून मगच बरणीबंद करावा. उघड्यावर वाळवलेल्या कोणत्याही मालासाठी ही खबरदारी योग्य ठरते. पुढे अंधारी, गार, कोरडी जागा, घट्ट झाकण आणि कोरडा चमचा एवढे सांभाळले की खोलीच्या तापमानाला सहा महिने आणि फ्रीजमध्ये वर्षभर हरकत नसते. मोठ्या एका बरणीपेक्षा छोट्या चार बऱ्या, कारण आषाढात बरणी उघडली की बाहेरची ओल आत शिरते आणि टोमॅटोतली साखर ती अधाशासारखी शोषते. भुकटीचे तर लगेच गोळे होतात, म्हणून ती महिन्याला पुरेल इतकीच करावी आणि बाकी माल फोडींच्या रूपातच ठेवावा.

तेलात ठेवण्याची पद्धत इटलीतून आलेली आहे आणि ती आकर्षक दिसते, पण इथेच सर्वांत मोठी चूक होऊ शकते. तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशी लागत नाही. परंतु क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू हवेशिवायच वाढतो आणि त्याचे विष प्राणघातक असते. आम्लतेचा अंक ४.६ च्या खाली असेल तर तो वाढत नाही, आणि टोमॅटो या सीमेच्या आसपासच घुटमळतो. पूर्ण वाळलेल्या फोडीत पुरेसे मोकळे पाणी नसल्याने तो निरुपद्रवी राहतो, मात्र अर्धवट वाळलेली फोड किंवा तिच्यासोबत टाकलेली ताजी लसूण आणि हिरवी पाने ओल आणि जिवाणू दोन्ही घेऊन येतात. कैरीचे लोणचे तेलाखाली बिनधोक टिकते ते त्यातल्या भरपूर मिठामुळे आणि कैरीच्या कडक आंबटपणामुळे. तोच नियम टोमॅटोला डोळे झाकून लावू नये. फोडी आधी व्हिनेगरमध्ये बुडवून निथळाव्यात, लसूण घालायचीच तर वाळवलेली घालावी, शेंगदाण्याचे तेल फोडी बुडतील इतके असावे आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवून थोडक्या दिवसांत संपवावी. ताजी लसूण हवीच असेल तर ती खाण्याच्या दिवशी मिसळावी.

वाळवण्याने चवीत होणारा बदल केवळ घट्ट होण्याचा नसतो. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या रसरशीत चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पिकलेला टोमॅटो हा भाज्यांमधला ग्लुटामेटचा मोठा साठा आहे आणि पाणी गेल्यावर तो साठा गाढ होतो. मांसात असणारी इनोसिनेटसारखी द्रव्ये ग्लुटामेटच्या जोडीला आली की दोन्हींची चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. मटणाच्या तांबड्या रश्शात मूठभर वाळल्या टोमॅटोचे वाटण घातले तर रस्सा तिखट न होता भारदस्त का लागतो, याचे उत्तर इथे आहे. शाकाहारी कटाला तर त्याचा आणखी उपयोग होतो, कारण मटणाने जी खोली येते ती मिसळीच्या किंवा वांग्याच्या रश्शात दुसरीकडून आणावी लागते.

इटलीच्या दक्षिणेकडे, सिसिलीत, टोमॅटोचा गर मीठ घालून लाकडी फळ्यांवर उन्हात पसरतात आणि दिवसातून अनेकदा उलथत त्याचा विटकरी रंगाचा गोळा करतात. बायकांनी एकत्र जमून करायचे ते उन्हाळी काम पापडाच्या वाळवणापेक्षा वेगळे नाही. तिथे हा गोळा चमचाभर तेलात परतून रश्शात सोडतात, आणि इथल्या स्वयंपाकातही वाळवलेल्या टोमॅटोची जागा फोडणीतच आहे. फोडी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून मऊ करता येतात. भिजवलेले पाणी मात्र ओतून देऊ नये, कारण पोटॅशियम, ग्लुटामेट आणि मीठ तिन्ही त्यात उतरलेली असतात, आणि तेच पाणी आमटीत वापरले तर वेगळे मीठ बेतानेच घालावे. तुरीच्या आमटीत चिंचेऐवजी, पिठल्यात कांद्याबरोबर, शेंगदाण्याच्या सुक्या चटणीत लसणीशेजारी किंवा थालीपिठाच्या पिठात भुकटीच्या रूपाने तो चांगला मुरतो. भाकरीबरोबर खायला भिजवलेल्या फोडी, भाजलेले तीळ, लसूण आणि कांदा-लसूण मसाला खलबत्त्यात ठेचून वर गरम शेंगदाणा तेल ओतले की जो ठेचा होतो त्यात टोमॅटो परका असल्याची आठवणही राहत नाही. कोशिंबिरीत मात्र तो घालू नये: तिथे ताज्या टोमॅटोचे पाणीच हवे असते. आणि टोमॅटोच्या सारात वाळवण वापरायचे झाले तर दोन माणसांसाठी आठ-दहा ग्रॅम पुरतात, जास्त पडले तर सार गोडसर आणि जड होते आणि ते सावरायला पुन्हा चिंचेचाच कोळ घालावा लागतो.